चाकाच्या एका फेरीला चार ठोके

ज्या वर्षी या घरातल्या मुलीचे पुढचे दोन्ही दात एकाच आठवड्यात पडले आणि तिची आत्या लग्न होऊन सासरी गेली, त्या वर्षी मी इथे आलो. मित्रांनो, साल विचाराल तर मला सांगता येणार नाही. माझ्या अंगावर नंबर रंगवलेला आहे, साल नाही. पण आत्याच्या लग्नाच्या फोटोत ती मुलगी ओठ घट्ट मिटून उभी आहे, आणि तिच्या हातात जे काळे काहीतरी दिसते, तो मी.

मी एक छोटे इंजिन आहे. वाफेच्या खऱ्या इंजिनाची नक्कल. लांबीला वीतभर, आणि मागची कोळशाची गाडी, जिला टेंडर म्हणतात, ती धरली तर आणखी चार बोटे. अंग ओतीव धातूचे आहे, म्हणून हातात घेतल्यावर वाटतो त्यापेक्षा मी जड लागतो. खरा कोळसा मी कधी पाहिला नाही. माझ्या पोटात लहानशी मोटर आहे, आणि रुळांतून येणाऱ्या विजेवर मी चालतो.

माझा कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली होती. दोन्ही बाजूंना खिडक्या आणि खिडक्यांखाली बाके. बाकांवर बहुतेक बायकाच काम करत. एकीने माझी चाके बसवली, एकीने मोटरीला तार गुंडाळली. शेवटच्या बाकावरची बाई नंबर काढायची. ब्रशात केस तीन किंवा चार, आणि नंबर काढताना ती श्वास रोखून धरायची. माझा नंबर एकोणतीस सतरा. त्यातल्या सातचे शेपूट थोडे वाकडे आहे, कारण नेमकी तेव्हाच तिला शिंक आली. तिने मला टाकून दिले नाही, पुसून पुन्हा काढायलाही घेतले नाही. माझ्याकडे पाहून हसली आणि मला पुढे सरकवले. तिचे नाव मला ठाऊक नाही. पण पुढे हजार इंजिनांतून माझ्या माणसाने मला ओळखले ते त्या शेपटावरून, म्हणून तिचे उपकार मी मानतो.

या घरातला कर्ता पुरुष खऱ्या वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर होता. गल्लीत त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणत, मुलगी बाबा म्हणायची. मीही मनातल्या मनात बाबाच म्हणत आलो. त्यांनी मला घरी आणले तेव्हा मुलीच्या आईने कपाळाला हात लावला. दिवसभर तेच, आणि घरी येऊनही तेच, असे ती म्हणाली. त्यावर बाबांनी जे उत्तर दिले ते मी विसरलो नाही. ते म्हणाले की इंजिनात उभ्या असलेल्या माणसाला आपली गाडी जाताना कधीच दिसत नाही. फाटकात उभा असलेला कोणीही ती बघतो. मला एकदा आपली गाडी समोरून जाताना बघायची आहे.

मग मागच्या खोलीत एक मोठे टेबल आले. त्यावर लांबट गोल रूळ, एका बाजूला लाकडी पूल, आणि पुलाच्या पुढे प्लायवूडचे स्टेशन. फलाटाच्या टोकाला एक दिव्याचा खांब होता, काडेपेटीएवढा उंच. इंजिन त्या खांबाखाली थांबले पाहिजे, हा बाबांचा नियम होता. चार बोटांहून जास्त पुढे नाही, चार बोटांहून जास्त मागे नाही. सुट्टीच्या दिवशी ते आणि मुलगी टेबलाशी बसत. खऱ्या इंजिनात ड्रायव्हरच्या जोडीला कोळसा घालणारा फायरमन असतो, म्हणून मुलीचे घरातले नाव फायरमन पडले. ती शाळेतून यायची आणि बाबा विचारायचे, "काय फायरमन, वाफ किती?" ती खाऊन आली असेल तर म्हणायची भरपूर, आणि भूक लागली असेल तर म्हणायची संपत आली. आईला ते उत्तर आधी ऐकू जायचे.

मित्रांनो, ती माझी कौतुकाची वर्षे. आठवड्यातून एकदा सुईच्या टोकाने मला तेल मिळायचे, थेंबभरच. रूळ कापडाने पुसले जायचे. घरी आलेला पाहुणा टेबलाशी नेला जायचा, आणि चहा थंड होईपर्यंत त्याची सुटका नसायची. मला तेव्हा आवाज नव्हता. म्हणजे मोटरीची घरघर होती, पण इंजिनाचा आवाज नव्हता. तो बाबा तोंडाने काढायचे. शिट्टीही तेच मारायचे. आई आतून म्हणायची की इंजिनाला दोन कप चहा लागेल वाटतं.

वर्षे गेली. खऱ्या रुळांवरची वाफेची इंजिने बंद झाली, बाबा डिझेलवर गेले आणि पुढे निवृत्त झाले. फायरमन मोठी झाली आणि कानाची यंत्रे दुरुस्त करू लागली. ज्यांना कमी ऐकू येते ती माणसे कानात जे चिमुकले यंत्र घालतात ना, ते. बाजारपेठेतल्या एका जिन्याखाली तिचे दुकान होते. डोळ्याला भिंग लावून ती तिळाएवढ्या भागांना डाग द्यायची, म्हणजे सोल्डरिंग करायची. राहायला ती आईवडिलांजवळच होती.

सत्तरी ओलांडल्यावर बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. त्यात मधले दिसते आणि कडा आधी जातात. मी टेबलाच्या मध्यावर असलो की त्यांना दिसायचो, वळणावर गेलो की नाहीसा व्हायचो. ते कोणाला काही बोलले नाहीत. मी जिथे नाही तिथे पाहत ते बटण फिरवत राहिले. एका सकाळी त्यांनी मला वळणावर फार जोरात घेतले. मी रुळावरून सुटलो, टेबलाच्या कडेवरून खाली फरशीवर पडलो. माझ्या बाजूचा बारीक कठडा तुटला, टेंडर सुटून कपाटाखाली गेला. बाबा गुडघ्यांवर बसून चाचपडत मला शोधत होते, आणि मी त्यांच्या हातापासून एका वितीवर होतो.

मला उचलून त्यांनी टेबलावर ठेवले आणि माझ्यावर एक जुनी चादर ओढली. त्या दिवसापासून चार वर्षे मी चादरीखाली होतो.

त्या चार वर्षांचे काय सांगू? माझ्या अंगातले तेल सुकून डिंकासारखे झाले. टेबलावर उशा आल्या, मग गाद्या, मग पाहुण्यांची पांघरुणे. वजन मला सोसवत होते. पण बाबा त्या खोलीत यायचे बंद झाले होते, ते जड गेले. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढेच कळत होते. पुढच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून ते बसत, आणि आई म्हणायची की बोलायला गेले तरी हा माणूस हां आणि नाही यांच्या पलीकडे जात नाही.

एके दिवशी फायरमनने एक गोष्ट पाहिली. हे सगळे मला नंतर, ती आईशी बोलताना कळले. गल्लीतून भाजीची हातगाडी जात होती. तिचे एक चाक करकरत होते. खिडकीशी बसलेल्या बाबांचा चेहरा त्या करकरीबरोबर डावीकडून उजवीकडे हळूहळू वळत गेला, आणि गाडी कोपऱ्यावर वळली तिथे नेमका थांबला. ती दारात उभी राहून पाहत राहिली. तिच्या मनात आले की बाबांना गाडी जाताना दिसते आहे, फक्त डोळ्यांनी नाही.

पुढच्याच आठवड्यात तिने गाद्या उतरवल्या, चादर काढली, कपाटाखालचा टेंडर शोधला आणि मला दुकानात नेले. बाबांना सांगितले नाही. त्यांना चकित करायचे होते.

आता मला थोडे यंत्राचे सांगू द्या, अवघड नाही. जुन्या पद्धतीत रुळांतली वीज वाढवली की मी पळायचो, कमी केली की थांबायचो. वीज चाकांतून माझ्या अंगात यायची आणि अंगातून थेट मोटरीत. नव्या पद्धतीत रुळांत वीज कायम भरलेली असते. तिच्यातूनच हुकूम येतात. ते समजायला इंजिनाच्या पोटात नखाएवढी एक पाटी बसवतात, तिला डिकोडर म्हणतात. चाकांतली वीज आधी डिकोडरकडे येते आणि तो मोटरीला सांगतो, चाल, थांब, मागे ये. आवाजाचा डिकोडर असेल तर तो लहानशा स्पीकरमधून वाफेचा, शिट्टीचा आवाजही काढतो. आवाज टेबलाच्या कोपऱ्यातून येत नाही. इंजिनातून येतो, आणि इंजिन जाईल तिथे जातो. फायरमनला हवे होते ते हेच.

तिने मला उघडले, चार वर्षांचा डिंक धुऊन काढला. तिच्या बोटांइतकी हलकी बोटे मला त्या कारखान्यानंतर लागली नव्हती. काम सारे नीट झाले, पण एका जागी तिची सवय आड आली. कानाच्या यंत्रात खरखर येऊ नये म्हणून एक तार त्याच्या धातूच्या अंगाला जोडतात. वीस वर्षे ती रोज हेच करत आली होती. बाबांना खरखर ऐकू येऊ नये म्हणून तिने माझ्या मोटरीच्या एका टोकापासून माझ्या अंगाला एक जादा तार जोडली. प्रेमानेच जोडली. आणि नव्या पद्धतीत नेमके हेच चालत नाही.

रविवारी दुपारी तिने मला घरी आणून टेबलावर ठेवले आणि बटण दाबले. माझ्या पोटात एक ठिणगी उडाली, धुराची बारीक रेघ निघाली आणि डिकोडर गेला. मी जागचा हललोही नाही.

पुढच्या खोलीतून बाबांचा आवाज आला. "कोण काय जाळतंय?"

"काही नाही, बाबा."

"वार्निश जळल्याचा वास आहे. मोटर गेली का तार?"

भिंतीला हात लावत ते मागच्या खोलीत आले. चार वर्षांनी. टेबलाच्या कडेवरून त्यांचा हात पुढे सरकला आणि माझ्यावर येऊन थांबला. मी अजून गरम होतो. त्यांनी हात काढला नाही. तुटलेल्या कठड्यावरून, चाकांवरून त्यांचे बोट फिरले. मग फायरमनने सगळे सांगून टाकले. हातगाडी, डिकोडर, स्पीकर, सगळे.

बाबा म्हणाले, "डोळ्यांच्या तपासणीत नापास झालेल्या माणसाला इंजिनावर चढू देत नाहीत, पोरी. नियम बरोबर आहे. चांगल्या चांगल्या ड्रायव्हरांना उतरवताना मी पाहिलंय, तेव्हा मी हरकत घेतली नाही. मग आता माझ्यासाठी कशी घेऊ?"

फायरमनच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते त्यांना दिसणार नाही म्हणून तिने पुसलेही नाही. उत्तर दारातून आले. आई ओले हात पदराला पुसत उभी होती.

"आणि धुक्यात?" ती म्हणाली. "थंडीत घरी येऊन काय सांगायचात? हाताला हात दिसत नव्हता, गाडी कानांवर आणली. तेव्हा कुठे ठेवला होतात हा नियम?"

"धुक्यात रुळावर फटाके लावलेले असतात," बाबा म्हणाले. "सिग्नल जवळ आला की चाकाखाली वाजतात. त्यावरून कळतं."

"मग तुमच्या लेकीने फटाकेच लावलेत समजा. पहिला जरा जोरात वाजला एवढंच."

मित्रांनो, बाबा हसले. थोडेसेच, नाकातून. पण मी त्यांच्या हाताखाली होतो, मला ते जाणवले. मग ते म्हणाले, "आवाज खरा पाहिजे. खोट्या आवाजावर मी गाडी हलवणार नाही."

दुसरा डिकोडर यायला तीन आठवडे लागले. या वेळी काम दुकानात झाले नाही, माझ्याच टेबलावर झाले, आणि बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले. पहिला का जळला हे त्यांनी आधी समजून घेतले. तिने सांगितल्यावर म्हणाले, म्हणजे रूळ आणि मोटर यांच्या मध्ये निरोप्या ठेवलास, आणि मागच्या दाराने दोघांना परस्पर बोलू दिलंस. निरोप्या राहील कसा? फायरमन म्हणाली की माझ्या सगळ्या शिक्षणात हे इतक्या सरळ कोणी सांगितलं नाही.

मोटरीखाली प्लास्टिकची पातळ पट्टी आली. धातूचा स्क्रू जाऊन नायलॉनचा आला. मग तपासणी. तिच्याकडे एक मीटर होता. दोन जागा आतून जोडलेल्या असल्या की तो पीं करून वाजतो, नसल्या की गप्प बसतो. ही तपासणी बाबांनी स्वतःकडे घेतली, कारण तिला डोळे लागतच नव्हते. फायरमन मीटरची टोके लावायची आणि ते ऐकायचे. मोटर आणि अंग, गप्प. मोटर आणि डावे चाक, गप्प. मोटर आणि उजवे चाक, गप्प. "परत लाव," ते म्हणायचे. असे अकरा वेळा झाले. फायरमनला पहिल्या वेळीच खात्री झाली होती, पण तिने एकदाही कंटाळा दाखवला नाही.

टेंडरमधला शिशाचा ठोकळा कापून तिने अंगठ्याच्या नखाएवढा स्पीकर तिथे बसवला, तोंड खाली करून. मागून तो डबीत बंद केला. स्पीकरची पाठ उघडी राहिली तर तो आपलाच आवाज खातो, हे मात्र तिला कोणी सांगावे लागले नाही. मग माझा नंबर. नवा डिकोडर आला की तो तीन या नंबरलाच ओ देतो. जगातले सगळे नवे डिकोडर तीन नंबरचे. बाबा म्हणाले की तीन नंबर काय, दवाखान्यातल्या खाटेचा असतो. तिने एकोणतीस सतरा भरला. बाबांनी तो नंबर हाकारून बटण दाबले आणि मी जागेवरून हललो, तेव्हा आई म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या एका हाकेला हा माणूस असा उठला नाही."

आणि मला आवाज फुटला. तयार झाल्यापासून अडतीस वर्षांनी. आधी वाफेची सीं, मग पंपाची टकटक, मग शिट्टी. आपलाच आवाज ऐकून मी बावरलो होतो. फायरमनने मला हळू चालवले. झुक, झुक, झुक.

"बंद कर," बाबा म्हणाले.

आम्ही दोघेही चपापलो. त्यांनी मला उचलले, उलटे धरले, माझ्या चाकाच्या दांड्यावर बोट ठेवले आणि पुन्हा चालवायला सांगितले. दांडा त्यांच्या बोटाखालून फिरत होता आणि ते ओठ हलवत मोजत होते.

"याला सिलिंडर दोन," ते म्हणाले. "म्हणजे चाकाच्या एका फेरीला चार ठोके. तुझे कधी तीन पडतात, कधी पाच. हे इंजिन नाही, कोणीतरी जिना चढतंय."

फायरमनने डिकोडरमधला एक आकडा बदलला. हळू चालताना चार बसले, वेग वाढवला की पुन्हा बिघडले. तिने कबूल केले की डिकोडर मोटरीच्या वेगावरून अंदाज करतो, प्रत्यक्ष चाक त्याला दिसत नाही. बाबा म्हणाले, आंधळ्यांनी अंदाज केलेला चालत नाही, मोजायला लागतं.

दोन आठवडे ती दुकानातून आली की भिंग लावून बसायची. फोन कानाजवळ नेला की काही श्रवणयंत्रे आपोआप फोनचा आवाज घेऊ लागतात. फोनजवळच्या चुंबकाने जुळणारी एक बारकी कळ त्यांच्यात असते. तिने ती कळ माझ्या पोटात बसवली, आणि चाकाच्या मागच्या अंगाला मोहरीएवढी चार चुंबके चिकटवली. आता चाक फिरेल तेव्हाच ठोका पडणार, आणि एका फेरीला चारच पडणार. बाबांनी पुन्हा दांड्यावर बोट ठेवले. हळू चालवून मोजले, जोरात चालवून मोजले. मग मला रुळावर ठेवून म्हणाले की हां, आता हे माझं इंजिन.

त्यांना ठोके इतके नेमके का हवे होते, ते आम्हाला तेव्हा कळले. त्यांनी फायरमनला मला हाताने ढकलत पुलाच्या टोकापासून दिव्याच्या खांबापर्यंत न्यायला सांगितले, चाकाच्या फेऱ्या मोजत. अठरा भरल्या. म्हणजे बहात्तर ठोके. पूल लाकडी, त्यावर माझा आवाज पोकळ येतो. पूल संपला की आवाज भरीव होतो. तिथून मोजायला लागायचे, सोळाव्या फेरीला वाफ बंद करायची, उरलेल्या दोन फेऱ्या गाडी आपल्या जोरावर जाईल आणि दिव्याखाली थांबेल.

"ड्रायव्हरच्या परीक्षेला तीन संधी असतात," ते म्हणाले. "मलाही तीन. नाही जमलं तर चादर कुठे आहे ते मला माहीत आहे."

फायरमनने म्हटले की बाबा, घरातल्या घरात कसली परीक्षा. ते म्हणाले की मग घरातल्या घरात ड्रायव्हर कसला.

सकाळची वेळ होती. आई भाजी निवडायची सोडून आत आली. बाबांच्या हातात नवा कंट्रोलर होता. शिट्टीच्या बटणावर फायरमनने सँडपेपरचा तुकडा चिकटवला होता, बोटाला कळावा म्हणून. त्यांनी शिट्टी दिली आणि मला हलवले.

पहिल्या खेपेला मी खांब ओलांडून हातभर पुढे गेलो. मला नव्या तेलामुळे जास्त घसरण आली होती. दुसऱ्या खेपेला त्यांनी पंधराव्या फेरीलाच वाफ तोडली, पण त्याआधीच वळणावर माझी चाके जागच्या जागी फिरून ठोके भराभर पडले होते, आणि मी फलाटाच्या अलीकडेच थांबलो. फायरमनचा चेहरा उतरला. बाबांचा नाही. ते कान देऊन बसले होते.

"चाक फिरलं, गाडी नाही सरकली," ते म्हणाले. "पूल सोडल्यावर डावीकडे रुळाला तेल लागलंय. पूस."

तिने बोट फिरवून पाहिले. होते. भाताच्या शितापेक्षा मोठा डाग नव्हता, आणि त्यांनी तो ठोक्यांतून ऐकला होता.

तिसऱ्या खेपेला मी पुलावर चढलो, पूल वाजला, पूल संपला. बाबांचे ओठ हलू लागले. सोळा. वाफ बंद. माझे ठोके थांबले आणि मी नुसता घरंगळत निघालो. खांब समोरून येत होता, पण माझा जोर सरत चालला होता. मला वाटले मी पोचत नाही. तेवढ्यात फायरमनचे बोट माझ्या टेंडरच्या मागे आले. एवढासा धक्का, बाबांना कळलाही नसता. आईने तिचे मनगट धरले. जोरात नाही, पण धरले, आणि मान हलवली.

मी थांबलो.

"कुठे?" बाबांनी विचारले.

आईने त्यांचा हात घेतला, एक बोट खांबावर ठेवले आणि दुसरे माझ्या नाकावर. मध्ये करंगळी मावेल एवढी जागा होती. बाबांनी करंगळी घालून पाहिली.

"एक करंगळी कमी पडलं," ते म्हणाले.

"खऱ्या गाडीत करंगळीचा हिशोब कोण ठेवत होतं?" आई म्हणाली.

ते विचारात पडले. खरोखर विचारात पडले, कारण हा माणूस स्वतःला सवलत देणारा नव्हता. मग म्हणाले, "चार बोटांचा नियम होता. त्यात बसतं."

फायरमनने चादर घडी करून धोब्याकडे देण्याच्या कपड्यांत टाकली.

त्यानंतर आठ वर्षे रोज सकाळी दहाला मी धावलो. बाबा खुर्चीत बसायचे आणि त्यांचा चेहरा माझ्याबरोबर टेबलभर फिरायचा. आपली गाडी जाताना त्यांनी पाहिली ती अशी. आई म्हणायची की नोकरीत होते तेव्हा घरी नव्हते, आता घरात आहेत तर स्टेशनावर असतात. पण दहाचा चहा ती त्या खोलीतच आणायची, आणि कप ठेवताना आवाज होऊ द्यायची नाही, मोजणी चुकेल म्हणून.

मित्रांनो, माझ्याकडे तक्रारी शोधू नका, मला त्या सापडत नाहीत. शिंकलेल्या त्या बाईपासून मनगट धरणाऱ्या आईपर्यंत सगळ्यांनी मला काही ना काही दिले. तुमच्याकडून एकच मागणे आहे. तुमच्या घरात एखादे जुने यंत्र गादीखाली, माळ्यावर, कपाटामागे पडलेले असेल. ते फेकण्याआधी उघडून बघा, सुकलेले तेल धुवा. आणि उघडण्याआधी ज्याने ते वर्षानुवर्षे चालवले त्याला शेजारी बसवून घ्या, त्याला दिसत नसले, ऐकू येत नसले, तरी. फायरमनने पहिल्यांदा मला गुपचूप उघडले आणि डिकोडर जळला. दुसऱ्यांदा बाबांना विचारून उघडले. फरक तुम्ही पाहिलात. आणखी एक. ज्याला काही जमवून दाखवायचे आहे, त्याच्या मागून बोटाने ढकलू नका.

आता मला फायरमन चालवते. तिच्या दुकानात येणारे काही लोक श्रवणयंत्र नीट बसले की नाही हे बघायला माझ्या टेबलाशी येऊन बसतात, आणि मी पुलावरून गेलो की मान डोलावतात. माझे एक चुंबक मध्ये निघाले होते, ते तिने पुन्हा बसवले आहे.

आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले त्याच्या पुढच्या वर्षी, फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, मंगळवारी, सकाळी पावणेनऊ वाजता बाबा गेले. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते.